कॉन्टॅक्ट लेन्स: बदलायची कधी, धुवायची कशाने?

चष्म्याला कंटाळून कॉन्टॅक्ट लेन्स घेणाऱ्यांची संख्या आता आपल्या जिल्ह्यातही बरीच झाली आहे. पूर्वी लेन्स म्हटली की पुण्या-मुंबईच्या चकरा आल्या. आता तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात लेन्स मिळते, आणि दुकानात जाण्याचाही ज्याला कंटाळा तो ती मोबाइलवरून घरपोच मागवतो. वस्तू सहज मिळू लागली हे चांगलेच झाले; पण तिच्यासोबत जे चार शब्द सांगायला हवेत ते सांगणारा माणूस मात्र मधल्या मध्ये नाहीसा झाला. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. परंतु डोळा लाल झाला की रुग्ण आधी येतो तो आमच्याकडे, किंवा त्याहीआधी औषधाच्या दुकानात. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

प्रथम डोळ्याबद्दल थोडेसे. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. शरीराच्या इतर भागांना प्राणवायू रक्तातून मिळतो. कॉर्नियात मात्र रक्तवाहिन्याच नाहीत. त्या असत्या तर आपल्याला स्वच्छ दिसलेच नसते. मग हा पडदा जगतो कसा? जागेपणी तो मुख्यतः बाहेरच्या हवेतला प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरातून घेतो. लेन्स लावणे म्हणजे या पडद्याच्या नाकावर रुमाल धरण्यासारखे आहे. रुमाल पातळ आणि स्वच्छ असेल तर श्वास चालतो, जाड आणि मळका असेल तर जीव गुदमरतो. शिवाय रक्तवाहिन्या नसल्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशींना तेथे पोचायलाही वेळ लागतो. एरवी पापण्यांची उघडझाप आणि अश्रू जंतूंना धुऊन टाकतात, पण लेन्सखाली सापडलेल्या जंतूला ना वाऱ्याचा धक्का, ना पाण्याचा.

आज बहुतेक जण वापरतात ती मऊ लेन्स. तिचा शोध मोठा गमतीचा आहे. चेकोस्लोव्हाकियातील ओट्टो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात, घरच्या घरी, मुलाच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून आणि सायकलचा डायनामो लावून एक यंत्र तयार केले व त्यावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स काढल्या. अमेरिकेत १९७१ साली अशा लेन्सला परवानगी मिळाली आणि मग त्या जगभर गेल्या. ही गोष्ट सांगायचे कारण असे की, त्यांनी शोधलेल्या प्लास्टिकचा मुख्य गुण म्हणजे ते पाणी शोषून मऊ होते. गुण हा आणि अवगुणही हाच. जे पाणी शोषते ते पाण्यात जे काही असेल तेही धरून ठेवते. अश्रूंमधली प्रथिने, पापण्यांच्या कडेचा तेलकटपणा, बोटांवरचा मळ, जंतू, हे सारे दिवसामाजी तिच्यावर बसत जाते. रोज धुतली तरी थोडे उरतेच, म्हणून तर तिला मुदत असते.

या मुदतीबद्दल फार गोंधळ आढळतो. बाजारात रोज फेकून द्यायच्या लेन्स आहेत, पंधरा दिवसांच्या आहेत, महिन्याच्या आहेत आणि वर्षभर वापरायच्या जुन्या पद्धतीच्याही अजून मिळतात. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्या दिवसापासून एक महिना. “डॉक्टर, मी आठवड्यातून दोनदाच लावते, म्हणजे तीस वेळा लावायला मला साडेतीन महिने मिळाले,” असा हिशेब एका कॉलेजातल्या मुलीने मला मांडून दाखवला होता. गणित बरोबर होते, पण लेन्सला ते लागू पडत नाही. डबीत पडून असलेली लेन्सही जुनी होतच असते. दुसरे म्हणजे “अजून काही त्रास नाही, स्वच्छ दिसते, मग कशाला टाकायची?” हा प्रश्न. लेन्सवरचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्रास व्हायला लागेपर्यंत पापणीच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या उठलेल्या असतात. खाज येते, चिकट धागे सुटतात, पापणी मिटली की लेन्स वर सरकते. अनेक वर्षे जुन्या लेन्स दिवसभर वापरणाऱ्यांच्या कॉर्नियाच्या कडेने तर नवीन रक्तवाहिन्या आत शिरताना दिसतात. हवा कमी पडल्याची ती खूण होय.

माझी सूचना साधी आहे. महिन्याची लेन्स दर महिन्याच्या १ तारखेला बदलावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाजवळच तशी खूण करावी. एक डोळ्यातली हरवली तरी दुसरीची तारीख लक्षात राहते. रोजची लेन्स रात्री फेकूनच द्यायची असते. ती सोल्युशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावण्यासाठी बनवलेलीच नसते. खर्चाचा प्रश्न मी नाकारत नाही. पण मुदत ताणून लेन्स वापरण्यापेक्षा एरवी चष्मा आणि लग्नकार्याला किंवा खेळाच्या दिवशी रोजची लेन्स, हा मार्ग खिशालाही परवडतो आणि डोळ्यालाही. चष्म्यात कमीपणा कसला?

आता पाण्याचे. या लेखातली एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवणार असेल तर त्याने ही ठेवावी. लेन्सला पाणी लावायचे नाही. नळाचे नाही, बोअरचे नाही, माठातले नाही, गाळलेले, बाटलीबंद किंवा उकळून गार केलेलेही नाही. पिण्यास योग्य पाणी वेगळे आणि डोळ्यात लेन्सखाली कोंडून ठेवण्यास योग्य पाणी वेगळे. मातीत, विहिरीत, टाकीत आणि नळाच्या पाण्यातही अकँथअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही. पण प्रतिकूल परिस्थिती आली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो आणि पाणी शुद्ध करण्यासाठी टाकलेले क्लोरिन त्या कवचाला पुरे पडत नाही. लेन्सच्या आडून तो कॉर्नियात शिरला की जी वेदना होते ती रोग्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते. वरून डोळा फारसा बिघडलेला दिसत नाही, पण माणूस रात्र रात्र बसून काढतो, उजेड सहन होत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात. आपल्याकडे हा रोग लेन्स न वापरणाऱ्या शेतकऱ्यांनाही चिखल किंवा घाण पाणी डोळ्यात जाऊन होतो. पाश्चात्त्य देशांत मात्र त्याचे बहुतेक रोगी लेन्स वापरणारेच असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा रोग्यांचा शोध घेतला तेव्हा त्यांतले अनेक जण घरीच मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्सचे पाणी तयार करत होते असे आढळले. तेव्हा घरगुती मीठपाणी नको. सलाइनची बाटली आणून तीत लेन्स ठेवणारेही मी पाहिले आहेत. सलाइन निर्जंतुक असते, पण जंतू मारत नाही. तोंडात धरून ओली केलेली लेन्स डोळ्यात घालणाऱ्यांना काय म्हणावे? आपल्या तोंडात किती प्रकारचे जंतू असतात हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तो माणूस पुन्हा तसे करणार नाही.

येथे मला एका मुलीची हकिगत सांगितली पाहिजे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तिला उणे पाचचा चष्मा. दाखवण्याच्या कार्यक्रमात चष्मा काढून बसवले, लग्न ठरले आणि मग तो चष्मा पुन्हा बाहेर काढायचा कसा, म्हणून लग्नाआधी आठ दिवस लेन्स आणल्या. सासरी कोणाला माहीत नाही. लेन्स काढली तर समोरचे माणूस ओळखू येत नाही, म्हणून रात्रीही काढायची सोय नाही. कधी काढलीच तर मोरीत, अंधारात. तिसऱ्या आठवड्यात सोल्युशनची बाटली संपली. आणायला सांगणार कोणाला? मग दोन-चार वेळा माठातले पाणी एका लहान डबीत घेऊन त्यात लेन्स ठेवल्या. उजवा डोळा लाल झाला, दुखू लागला. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून थेंब आणून दिले, त्यांनी एक दिवस बरे वाटले. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा बुबुळावर ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसत होता, आणि लेन्स तोवरही डोळ्यातच होती. ती काढायला लावून त्याच दुपारी तिला शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन महिन्यांच्या उपचारांनी डोळा वाचला. पण तेथे फूल पडले ते पडलेच आणि त्या डोळ्याने आता चष्मा लावूनही अंधूकच दिसते. तिची सासू माझ्यासमोर तिला म्हणाली, “अगं, एवढंच होतं तर सांगायचं ना. चष्मा काय, माझ्या धाकटीलाही आहे.”

लेन्स लावून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. मिटलेल्या डोळ्याला हवा आधीच कमी, त्यात लेन्स आडवी. मग कॉर्नियाचा वरचा थर फुगतो, ढिला पडतो आणि जंतूला वाट मिळते. त्यांतला स्यूडोमोनस नावाचा जंतू तर इतका जलद काम करतो की एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळू लागतो. दुपारची डुलकीही झोपच आहे. रात्रीच्या एस.टी.ने किंवा ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांनी गाडीत बसण्याआधीच लेन्स काढून चष्मा लावावा. नंतर अंधारात, हलत्या गाडीत, न धुतलेल्या हातांनी ते काम होत नाही. काही खास लेन्स रात्रीही चालतात असे पाकिटावर लिहिलेले असते, पण त्या नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितल्या असतील तरच घ्याव्यात, आणि माझे मत विचाराल तर तरीही रात्री डोळा मोकळाच बरा.

रोजची निगा तशी पाच मिनिटांची आहे. नखे कापलेली असावीत. हात साबणाने धुऊन, ज्याचे धागे सुटत नाहीत अशा स्वच्छ कपड्याने अगदी कोरडे करावेत, कारण ओल्या बोटांनी नळाचे पाणी लेन्सपर्यंत जाते. मिरच्या चिरल्यावर किंवा ठेचा वाटल्यावर नुसते एकदा हात धुऊन भागत नाही, हे ज्याने एकदा अनुभवले तो विसरत नाही. काढलेली लेन्स तळहातावर घेऊन, सोल्युशनचे काही थेंब टाकून, बोटाच्या पेराने दोन्ही बाजूंनी वीसेक सेकंद हलके चोळावी, मग सोल्युशननेच खळखळून घ्यावी आणि डबीत ताजे सोल्युशन भरून त्यात ठेवावी. काही बाटल्यांवर चोळण्याची गरज नाही असे छापलेले असते. तरी चोळावी. भांडे नुसते पाण्यात बुडवून निघते का? निर्जंतुक व्हायला बाटलीवर लिहिलेले तास, बहुधा चार ते सहा, पूर्ण व्हावे लागतात. उजवी लेन्स नेहमी आधी काढायची आणि आधी लावायची अशी सवय ठेवली, तर अदलाबदल होत नाही.

डबीतले कालचे सोल्युशन थोडे कमी झाले म्हणून वरून थोडे ओतणे, ही सवय मात्र फार वाईट. शिळ्या आमटीत ताजी आमटी ओतली तर ती ताजी होत नाही. २००६ साली सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम या बुरशीचा संसर्ग एकाएकी वाढला. शोध घेता घेता धागा बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्युशनपर्यंत गेला आणि त्या वर्षी मे महिन्यात कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. दोष सोल्युशनमध्ये होताच. पण तेच सोल्युशन पुनःपुन्हा वापरणे आणि वरून भर घालणे यानेही धोका वाढत होता, असे त्या तपासातून पुढे आले. सोल्युशनचे पैसे वाचवून डोळ्याचे घालवण्यात शहाणपण नाही. फोडलेली बाटली किती दिवस चालते ते तिच्यावर लिहिलेले असते. फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावर टाकावी, तोंडाला बोट लावू नये आणि प्रवासासाठी म्हणून दुसऱ्या बाटलीत काढून घेऊ नये.

डबीकडे तर कोणी पाहतच नाही. लेन्स महागाची, म्हणून तिला जपतात आणि डबी वर्षानुवर्षे तीच. हिरवट, बुळबुळीत झालेली, न्हाणीघरातल्या कोनाड्यात ठेवलेली! सकाळी लेन्स लावल्यावर डबीतले सोल्युशन ओतून टाकावे, थोड्या ताज्या सोल्युशनने ती आतून चोळून धुवावी, स्वच्छ कागदी रुमालाने पुसून झाकणे काढून उपडी सुकू द्यावी, आणि निदान तीन महिन्यांनी नवी घ्यावी. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पद्धतीने लेन्स साफ करणाऱ्यांना मात्र वेगळा इशारा आहे. ते औषध फार चांगले, पण त्याची स्वतःची खास डबी असते आणि त्याच डबीत ठरलेले तास राहिल्यावरच ते निरुपद्रवी होते. थेट डोळ्यात गेले तर डोळा भाजल्यासारखी आग होते.

आंघोळ, पोहणे, नदीतली बुडी, पावसात भिजत केलेला दुचाकीचा प्रवास, या साऱ्यांत लेन्सचा पाण्याशी संबंध येतो. आंघोळ आधी, लेन्स नंतर. धुळवडीला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत, जेथे गुलाल उधळला जातो तेथे चष्माच बरा; रंगाचा कण लेन्सखाली गेला की डोळा चोळला जातो आणि कॉर्निया खरवडतो. मळणीयंत्रावर, पिठाच्या गिरणीत, सिमेंटच्या कामावर किंवा कीटकनाशक फवारताना लेन्स नकोच. काजळ डोळ्याच्या आतल्या कडेला घालू नये, आणि चेहऱ्याचे प्रसाधन लेन्स लावल्यानंतर करून लेन्स काढल्यानंतर पुसावे. डोळे आलेले असताना लेन्स बंद. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती तेव्हा काही मुले लाल डोळा झाकायला म्हणून रंगीत लेन्स लावून आलेली मी पाहिली. साथ ओसरल्यावर तीच जोडी पुन्हा वापरू नये.

रंगीत लेन्सबद्दलही बोलायला हवे. नंबर नसला तरी ती लेन्सच आहे, दागिना नव्हे. लग्नाच्या मोसमात ब्युटी पार्लरमध्ये एकच जोडी नवरीला, मग करवलीला लावली जाते असे ऐकतो. दुसऱ्याची लेन्स म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश. चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीवरही लेन्स घेता येत नाही. चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असतो, लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे मोठ्या नंबरात फरक पडतो. चष्म्याचा उणे सहा असेल तर लेन्सचा साधारण उणे साडेपाच येतो. शिवाय लेन्सची गोलाई आणि व्यास त्या त्या डोळ्याला जुळावे लागतात. घट्ट बसलेली लेन्स दिसायला स्वच्छ दाखवते आणि आतून डोळा गुदमरवते. म्हणून पहिली तपासणी आणि नंतर दर वर्षाची एक, चुकवू नये.

एक भीती मात्र सर्वांनी सोडून द्यावी. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत अडकते असे विचारणारे दरवर्षी भेटतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण पापणीच्या आतून वळून येते, मध्ये वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसेल. लेन्स उलटी झाली आहे का हे कळायलाही सोपी युक्ती आहे. बोटावर ठेवून बाजूने पाहावी. वाटीसारखी सरळ उभी कड असेल तर ती सुलट, परातीसारखी बाहेर पसरली असेल तर उलटी.

लेन्सच्या विरोधात लिहितो आहे असे कृपया कोणी समजू नये. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या विकारात चष्म्याने न सुधारणारी दृष्टी सेमी-सॉफ्ट लेन्सने चांगली सुधारते. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाचे ऑपरेशन झाल्यावर त्याला पाहायला शिकवणारी लेन्सच असते, आणि त्या बाळांच्या आया ती किती निगुतीने घालतात-काढतात हे पाहिले की आपण मोठी माणसे किती आळशी, असे वाटते.

आता डोळा बिघडलाच तर. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, पाणी येऊ लागले, उजेड सोसेना किंवा अंधूक दिसू लागले, तर यांतल्या एका लक्षणावरही लेन्स तत्काळ काढावी. दोन्ही डोळ्यांतली काढावी. कुसळ गेले असेल, उद्या बघू, असे म्हणून थांबू नये. डोळ्यावर पट्टी बांधू नये, कारण बंद, उबदार डोळ्यात जंतू झपाट्याने वाढतात. औषधाच्या दुकानातून थेंब आणू नयेत. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते आणि आत जखम पसरत जाते. घरात मागच्या वर्षीची बाटली असेल तर तिच्यावर ही नावे वाचून पाहावीत. मध, दूध, गुलाबपाणी, एरंडेल, काहीही घालू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आपल्या गावात नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवावे आणि “मी लेन्स वापरतो” हे वाक्य विचारण्याची वाट न पाहता आधी सांगावे. काढलेली लेन्स फेकू नये. ती तिच्या डबीत, डबी आहे तशी न धुता, सोल्युशनच्या बाटलीसह बरोबर न्यावी. जंतू कोणता ते पुष्कळदा त्या डबीतच सापडते. आणि जाताना चष्मा घ्यावा, कारण परतीच्या वाटेवर डोळ्यांत लेन्स नसणार.